मालवाहू वाहनाचे मागील ड्रम ब्रेक काढून डिस्क ब्रेक बसवावेत काय?

शेतमालाच्या वाहतुकीत झाशी हे महत्त्वाचे ठिकाण आहे. देशाचे उत्तर–दक्षिण आणि पूर्व–पश्चिम हे दोन्ही महामार्ग येथे एकमेकांना छेदतात. विदर्भातील संत्री दिल्लीच्या बाजारपेठेकडे नेणारे ट्रक राष्ट्रीय महामार्ग ४४ ने नागपूर, सिवनी, सागर, ललितपूर असा प्रवास करीत झाशीवरूनच पुढे ग्वाल्हेर व आग्र्याकडे जातात. १९६२ मध्ये स्थापन झालेली कुरण व चारा संशोधनाची राष्ट्रीय संस्था आणि २०१४ मध्ये स्थापन झालेले राणी लक्ष्मीबाई केंद्रीय कृषी विद्यापीठ यांमुळे बियाणे, चारा व कृषी अवजारे यांचीही येथे सतत ने-आण असते.

अलीकडे स्वतःचे पिकअप वाहन किंवा लहान ट्रक बाळगणाऱ्या शेतकऱ्यांची व शेतकरी गटांची संख्या वाढली आहे. वाहन भरलेले असताना ब्रेक कमी पडतो, घाट उतरताना पेडल खाली जाते, पावसाळ्यात पाण्यातून गेल्यावर ब्रेक उशिरा लागतो, अशा तक्रारी त्यांच्याकडून ऐकू येतात. त्यावर "मागचे ड्रम काढून डिस्क बसवा" हा सल्ला सहज दिला जातो. तो सरसकट मानण्यापूर्वी काही गोष्टी समजून घेणे आवश्यक आहे. पीक पिवळे पडले की कारण न तपासता फवारणी करणारा शेतकरी जसा पैसाही गमावतो आणि पीकही, तसेच येथेही घडू शकते. येथे मात्र पणाला लागते ते चालकाचे व रस्त्यावरील इतरांचे आयुष्य.

ब्रेक नेमके काय करतो?

ब्रेक वाहनाच्या गतीचे उष्णतेत रूपांतर करतो. मालासह ३ टन वजनाचे पिकअप ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असेल, तर ते थांबविताना सुमारे ४ लाख १७ हजार जूल ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णतेच्या रूपाने साठते. एवढ्या उष्णतेने ३० अंश सेल्सिअस तापमानाचे सुमारे १.४ लिटर पाणी उकळीपर्यंत तापते. वेग ६० ऐवजी ८० असेल तर हीच ऊर्जा सुमारे ७८ टक्क्यांनी वाढते, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असते. वजन दीडपट केले तर ऊर्जाही दीडपट होते.

घाटातील हिशेब याहून कठीण असतो. तेच ३ टनांचे वाहन १०० मीटर उंची उतरते तेव्हा सुमारे २९ लाख जूल ऊर्जा मोकळी होते. म्हणजे ताशी ६० च्या वेगावरून लागोपाठ सात वेळा पूर्ण थांबण्याइतके हे काम आहे. यातील काही भार इंजिन, टायर व हवेचा विरोध पेलतात. वाहन न्यूट्रलमध्ये सोडले तर इंजिनाचा वाटा शून्य होतो आणि जवळजवळ सारा भार ब्रेकवर येतो. सिवनी जिल्ह्यातील कुरई घाट किंवा सागर–ललितपूर दरम्यानचा विंध्याचा उतार भरल्या वाहनाने उतरणाऱ्या चालकासाठी हा हिशेब निर्णायक ठरतो.

ड्रम आणि डिस्क यांतील मूलभूत फरक

ड्रम ब्रेकमध्ये चाकासोबत फिरणाऱ्या पोकळ ड्रमच्या आत दोन अर्धगोलाकार शू असतात. पेडल दाबल्यावर व्हील सिलिंडर हे शू बाहेर ढकलतो व त्यांवरील लायनर ड्रमच्या आतील पृष्ठभागावर घासतात. यातील एक शू ड्रमच्या फिरण्याच्या दिशेनेच आत ओढला जातो आणि स्वतःहून अधिक घट्ट बसतो. त्यामुळे कमी दाबात जास्त पकड मिळते. डिस्क ब्रेकमध्ये उघड्या चकतीला कॅलिपर दोन्ही बाजूंनी पॅडने चिमटीत धरतो. येथे स्वतःहून घट्ट होण्याची क्रिया नसते. म्हणून साधारण रचनेच्या ड्रमइतकी पकड मिळविण्यासाठी डिस्कवर ढोबळमानाने दोन ते तीन पट दाबबल द्यावे लागते.

उष्णतेच्या बाबतीत डिस्क सरस आहे. चकती उघडी असल्याने लवकर निवते. ड्रम तापला की प्रसरण पावून शूपासून दूर सरकतो व पेडल खाली जाते. चकती तापली की जाड होऊन पॅडकडेच सरकते. अतिउष्णतेने लायनरमधून वायू बाहेर पडून घर्षण कमी होते. बंद ड्रममध्ये ही उष्णता अधिक काळ कोंडून राहते. पाण्यातून गेल्यावर डिस्क एक-दोन फेऱ्यांत पाणी फेकून देते, तर ड्रममध्ये शिरलेले पाणी निघण्यास वेळ लागतो. पॅड तपासणे व बदलणेही सोपे असते. डिस्कचे हे गुण खरे आहेत व ते नाकारण्याचे कारण नाही.

तरीही देशातील बहुतेक पिकअप वाहनांत पुढे डिस्क व मागे ड्रम अशी रचना दिसते. केवळ खर्च वाचविण्याचा हा प्रकार नाही. ड्रममध्ये हँडब्रेकची यंत्रणा सहज बसते व भरलेले वाहन उतारावर धरून ठेवण्यास ती खात्रीची असते. लायनरचे क्षेत्रफळ मोठे असल्याने ते दीर्घकाळ टिकतात. बंद रचनेमुळे खडी व गवताच्या काड्या आत शिरण्याचे प्रमाण कमी राहते. बुंदेलखंडात राकड व परवा या हलक्या, तांबूस जमिनींबरोबर काबर व मार या काळ्या चिकण जमिनीही आहेत. पावसाळ्यात काबर जमिनीचा चिखल चाकाला चिकटून वाळतो. विदर्भ-मराठवाड्यातील काळ्या जमिनीतही हाच अनुभव येतो. उघड्या चकतीवर असा चिखल व त्यातील वाळू घासत राहिल्यास पॅड लवकर झिजतात व कॅलिपरच्या सरकत्या पिना अडकतात.

खरा प्रश्न : पुढच्या व मागच्या ब्रेकचा समतोल

ब्रेक दाबताच वाहनाचा भार पुढे झुकतो. म्हणून पुढच्या चाकांवर जास्त व मागच्या चाकांवर कमी ब्रेक लागावा लागतो. मालवाहू वाहनात हे प्रमाण मालानुसार बदलते. उदाहरणादाखल, पुढील व मागील आसांत ३ मीटर अंतर असलेले व रिकामे असताना १,७०० किलो वजनाचे पिकअप घेऊ. उभे असताना त्याच्या मागील चाकांवर ४० टक्के भार आहे व गुरुत्वमध्य जमिनीपासून ०.७ मीटर उंच आहे, असे मानू. जोरात ब्रेक लावल्यास, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या ६० टक्के इतक्या दराने वेग कमी होत असल्यास, मागील चाकांवर सुमारे ४४० किलोच भार उरतो.

हेच वाहन धान्याच्या पोत्यांनी भरून एकूण ३,००० किलोचे झाले, मागे ६५ टक्के भार आला आणि गुरुत्वमध्य ०.९ मीटरवर राहिला, तर तशाच ब्रेकमध्ये मागील चाकांवर सुमारे १,४१० किलो भार असतो. तेवढ्याच वजनाचा चारा उंच रचला व गुरुत्वमध्य १.२ मीटरवर गेला, तर हा भार १,२३० किलोवर येतो. उंच भारामुळे वाहन वळणावर कलंडण्याचा धोका वाढतो, आणि ब्रेक लावताना मागील चाकांची पकडही घटते.

म्हणजे रिकाम्या व भरलेल्या वाहनाच्या मागील चाकांना मानवणाऱ्या ब्रेकमध्ये सुमारे तिपटीचा फरक आहे. हा फरक सांभाळण्यासाठी अनेक वाहनांत मागील आसाजवळ भारसंवेदी झडप बसविलेली असते. गॅरेजमध्ये ती 'एलएसपीव्ही' या नावाने ओळखली जाते. पाटे दबले की ही झडप मागील ब्रेकला जास्त दाब देते व वाहन रिकामे झाले की दाब कमी करते. उत्पादकाने ही झडप मूळ ड्रमच्या गुणधर्मांनुसार जुळविलेली असते.

मागे वेगळ्या क्षमतेची डिस्क बसविली की हा समतोल बिघडतो. त्याचे परिणाम दोन प्रकारचे संभवतात. मागील डिस्कची पकड कमी पडली तर पुढील ब्रेकवर जादा ताण येतो व थांबण्याचे अंतर वाढते. पकड जास्त झाली तर रिकाम्या वाहनाची मागील चाके आधी जाम होतात. चाक फिरायचे थांबून घसरू लागले की त्याची बाजूची पकडही जाते आणि वाहनाचा मागचा भाग पुढे येऊ पाहतो. माल उतरवून पावसात रिकाम्या परतणाऱ्या वाहनाला हा धोका सर्वाधिक असतो. पुढची चाके आधी जाम झाल्यास वाहन सरळ घसरते व वळत नाही. मागची आधी जाम झाल्यास वाहन गरकन फिरते आणि चालकाच्या हाती काहीच उरत नाही.

बदलासोबत आणखी काय बदलावे लागते?

मागील ड्रमच्या जागी डिस्क बसविणे म्हणजे केवळ दोन चकत्या व दोन कॅलिपर आणणे नव्हे. खालील बाबींची जुळणी न झाल्यास नवा ब्रेक जुन्यापेक्षा कमकुवत ठरतो.

१. मास्टर सिलिंडर : कॅलिपरच्या पिस्टनला व्हील सिलिंडरपेक्षा जास्त ब्रेक ऑइल लागू शकते. जुना मास्टर सिलिंडर तेवढे ऑइल पुरवू शकला नाही, तर पेडल तळाला जाते.

२. शिल्लक दाब राखणारी झडप : काही जुन्या ड्रम ब्रेक प्रणालींत पेडल सोडल्यावरही नळीत थोडा दाब टिकवून ठेवणारी झडप असते. ती तशीच राहिल्यास डिस्कचे पॅड सतत घासत राहतात, चकती तापते व इंधन वाया जाते.

३. बूस्टर : डिस्कला जास्त दाबबल लागत असल्याने मूळ बूस्टर अपुरा पडू शकतो.

४. हँडब्रेक : ड्रम काढला की हँडब्रेकही जातो. त्यासाठी चकतीच्या मध्यभागी लहान ड्रम असलेली रचना किंवा हँडब्रेकची यंत्रणा असलेला कॅलिपर लागतो. चढावर माल भरताना वाहन मागे सरकणे हा अपघात हँडब्रेकच्या दुर्बलतेतूनच घडतो.

५. हब, बेअरिंग व रिम : चकती हबच्या केंद्राशी अचूक जुळली पाहिजे व कॅलिपर रिमला घासता कामा नये. कॅलिपरचा आधार स्थानिक लेथवर कापलेल्या साध्या पट्टीचा असेल, तर वारंवार बसणाऱ्या झटक्यांनी तो वेल्डिंगजवळ तडकण्याची शक्यता असते.

६. चाक जाम न होऊ देणारी इलेक्ट्रॉनिक प्रणाली : वाहनात ही प्रणाली असल्यास तिचे संवेदक व नियंत्रण मूळ ब्रेकशी जुळविलेले असतात.

मोठ्या ट्रकमधील ब्रेक हवेवर चालतात. तेथे हवेचा चेंबर, स्लॅक अ‍ॅडजस्टर व कॅम यांची साखळी असते. त्यांत डिस्क बसवायची तर आसाचे टोक, हब व चेंबर असा संपूर्ण संच बदलावा लागतो. गावातील गॅरेजमध्ये होणारे हे काम नाही.

कायद्याची बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ वैशिष्ट्यांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या निकालात हे तत्त्व स्पष्ट केले आहे. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार, परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. अपघातानंतर विमा दाव्याच्या वेळीही असा बदल अडचणीचा ठरतो. त्यामुळे उत्पादकाची लेखी शिफारस व परिवहन कार्यालयाची मान्यता यांशिवाय ब्रेकच्या रचनेला हात लावू नये.

मग ब्रेक कमी का पडतो? आधी निदान, मग उपाय

कीड व्यवस्थापनात आधी सर्वेक्षण करतात, नुकसानीची पातळी ठरवितात व मगच उपाय योजतात. ब्रेकच्या तक्रारीतही हाच क्रम उपयोगी पडतो. पुढील लक्षणे विस्तार कार्यकर्त्यांनी शेतकरी गटांना समजावून द्यावीत.

• पेडल दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेक लागतो : शू व ड्रममधील अंतर वाढलेले असते. अंतर जुळवून घ्यावे. लायनर उत्पादकाने दिलेल्या किमान जाडीपर्यंत झिजले असल्यास दोन्ही बाजूंचे एकदमच बदलावेत.

• पेडल स्पंजासारखे मऊ लागते : नळीत हवा शिरलेली असते. हवा काढावी व गळती शोधावी.

• घाटात काही वेळाने पेडल एकाएकी खाली जाते : ब्रेक ऑइल जुने होऊन त्यात पाणी मुरल्याची शक्यता असते. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट-३ प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असतो. ओलावा मुरल्यानंतरची मर्यादा १४० अंश आहे. डॉट-४ साठी हेच आकडे २३० व १५५ अंश आहेत. ऑइल उकळून नळीत वाफ झाली की पेडलचा दाब चाकापर्यंत पोहोचत नाही. पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचे ऑइल ठरलेल्या मुदतीत बदलणे हा डिस्क बसविण्यापेक्षा कितीतरी स्वस्त व खात्रीचा उपाय आहे.

• ब्रेक लावल्यावर वाहन एका बाजूला ओढते : एका चाकाच्या लायनरवर ऑइल किंवा ग्रीस आलेले असते, अथवा व्हील सिलिंडर अडकलेला असतो. ऑइलने भिजलेला लायनर घासून पुन्हा वापरू नये.

• रिकामे असताना मागील चाके लगेच जाम होतात : भारसंवेदी झडपेचा दांडा वाकलेला, अडकलेला किंवा तारेने बांधून ठेवलेला आहे काय, ते पाहावे. जादा माल भरता यावा म्हणून पाट्यांची संख्या वाढविल्यास मागचा भाग दबत नाही आणि वाहन रिकामेच आहे असे या झडपेला भासते. अशा वेळी माल भरलेला असूनही मागील ब्रेकला पुरेसा दाब मिळत नाही. "भरल्यावर ब्रेक लागत नाही" या तक्रारीचे मूळ पुष्कळदा येथे सापडते.

• हवेच्या ब्रेकचा ट्रक उशिरा थांबतो : स्लॅक अ‍ॅडजस्टरची जुळणी बिघडल्याने चेंबरच्या दांड्याची चाल वाढली असेल, तर बल झपाट्याने घटते. हवेच्या टाकीत साठलेले पाणी रोज सोडावे.

ड्रम उघडल्यावर आतील धूळ तोंडाने किंवा हवेच्या दाबाने उडवू नये. काही लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असते व त्याची धूळ फुप्फुसांना घातक आहे. ओल्या फडक्याने ती पुसून घ्यावी.

ट्रॅक्टर व ट्रॉली

ट्रॅक्टरच्या बाबतीत मात्र डिस्ककडे झालेला बदल उपयुक्त ठरला आहे. तेलात बुडालेल्या अनेक चकत्यांचे ब्रेक आज बहुतांश नव्या ट्रॅक्टरांत कारखान्यातूनच येतात. बंद पेटीत असल्याने चिखल-पाणी त्यांपर्यंत पोहोचत नाही व तेल उष्णता वाहून नेते. हा बदल पूर्ण रचनेसह कारखान्यात झाला, म्हणूनच तो यशस्वी झाला.

खरी उणीव ट्रॉलीत आहे. अनेक ट्रॉल्यांना ब्रेकच नसतात. उतारावर भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरला मागून ढकलते व वळणावर दोन्ही एकमेकांवर दुमडतात. ट्रॅक्टरचा ब्रेक कितीही उत्तम असला तरी हा धक्का त्याला एकट्याने पेलत नाही. म्हणून नवी ट्रॉली घेताना ब्रेकसहित घ्यावी. रस्त्यावर जाताना ट्रॅक्टरचे डावे-उजवे ब्रेक पेडल कडीने जोडावेत. एकच पेडल दाबले गेल्यास ट्रॅक्टर एकदम एका बाजूला वळतो.

हंगाम संपल्यावर उभ्या राहणाऱ्या ट्रॉलीची आणखी एक अडचण फारशी लक्षात येत नाही. चिखलाची घरटी बांधणारी कुंभारमाशी अरुंद पोकळ्या शोधत असते. ब्रेकच्या नळ्या जोडण्याची उघडी तोंडे तिला सोयीची वाटतात. ती तेथे चिखलाचे कप्पे करते, पिलांच्या आहारासाठी बधिर केलेले कोळी त्यांत भरते व तोंड लिंपून टाकते. पुढील हंगामात ट्रॉली जोडल्यावर हवा पुढे जात नाही किंवा मातीचे कण झडपेत अडकतात. या तोंडांना झाकण लावून ठेवणे एवढाच उपाय पुरेसा आहे. कुंभारमाशी पिकांचे नुकसान करीत नाही, त्यामुळे तिच्यासाठी कीटकनाशक वापरण्याचे कारण नाही.

सारांश

• मागील डिस्क हवीच असल्यास, कारखान्यातूनच तशी रचना असलेले वाहन निवडावे. जुन्या वाहनात सुटे भाग जमवून बदल करू नये.

• प्रथम ब्रेक ऑइल, लायनर, व्हील सिलिंडर, भारसंवेदी झडप व हँडब्रेक तपासून मूळ स्थितीत आणावेत.

• वाहनाच्या नोंदणीकृत क्षमतेइतकाच माल भरावा. जड माल तळाशी ठेवावा व चाऱ्याची रचना उंच करू नये.

• घाट ज्या गिअरमध्ये चढावा लागेल, त्याच गिअरमध्ये उतरावा. इंजिन बंद करून किंवा न्यूट्रलमध्ये उतरू नये. ब्रेकवर सतत पाय न ठेवता थोडा वेळ दाबून वेग कमी करावा व सोडावा.

• पाण्यातून बाहेर आल्यावर वाहन संथ चालवीत ब्रेक हलके दाबून लायनर वाळवून घ्यावेत.

• प्रत्येक हंगामाच्या आरंभी शेतकरी गटाने आपल्या सर्व वाहनांची व ट्रॉल्यांची ब्रेक तपासणी एकत्रितपणे करून घ्यावी व तिची नोंद ठेवावी.